तिकिटावरची ओळ एकच, करार दोन: कोडशेअर आणि प्रादेशिक विमान कंपन्यांचं कंत्राट

इलिनॉय विद्यापीठात शिकायला मुंबईहून शँपेनला निघालेल्या विद्यार्थ्याचं तिकीट समोर ठेवू. मुंबई ते लंडन ब्रिटिश एअरवेज. लंडन ते शिकागो क्रमांक अमेरिकन एअरलाइन्सचा, पण खाली बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय ब्रिटिश एअरवेज'. शिकागो ते शँपेन क्रमांक पुन्हा अमेरिकनचाच, खाली 'ऑपरेटेड बाय एन्व्हॉय एअर अ‍ॅज अमेरिकन ईगल'. दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, म्हणून बरेच जण दोन्हींना सरसकट कोडशेअर म्हणतात. तांत्रिक अर्थाने ते चूकही नाही, कारण दोन्हीकडे एका कंपनीच्या विमानावर दुसरीचा क्रमांक लागलेला आहे. पण त्या क्रमांकामागचे व्यवहार इतके वेगळे आहेत की एकाच नावाखाली ढकलले, तर छोट्या गावांची विमानसेवा एका दिवसात का बंद पडते, किंवा अपघातानंतर जबाबदारीचा प्रश्न इतका किचकट का होतो, हे कळतच नाही.

आधी सोपा प्रकार. लंडन–शिकागो विमान ब्रिटिश एअरवेज स्वतःच्या हिशेबाने चालवते. वेळ तिने ठरवलेली, विमान आणि कर्मचारी तिचे, आणि त्याच विमानातल्या जागा ती स्वतःच्या क्रमांकाखालीही विकते. अमेरिकन त्यावर आपला क्रमांक लावून आपल्या गिऱ्हाइकांना जागा विकते. उद्या हा करार मोडला तरी ते विमान उडत राहील. नेहमीच्या अर्थाने कोडशेअर म्हणतात ते हे: दोन स्वतंत्र दुकानं, एकमेकांचा माल विकणारी. या दोघींचं नातं अटलांटिकवर याच्याही पुढे गेलेलं आहे. 2010 मध्ये अमेरिकी परिवहन खात्याची मंजुरी मिळाल्यापासून त्या मार्गांवरचं उत्पन्नही त्या वाटून घेतात. साध्या कोडशेअरमध्ये तसं होत नाही.

शँपेनच्या विमानाचं तसं नाही. एन्व्हॉय ही प्रादेशिक कंपनी, म्हणजे छोट्या गावांना छोटी विमानं उडवणारी. ती स्वतःच्या नावाने तुम्हाला तिकीट विकतच नाही. शँपेनला जायचं की नाही, दिवसातून किती फेऱ्या, किती वाजता, किती भाडं, हे सगळं अमेरिकन ठरवते. विमानावर रंग अमेरिकनचा, 'अमेरिकन ईगल' हे नावही तिचंच, भाड्याचे पैसेही अमेरिकनच्या गल्ल्यात. एन्व्हॉयला मिळतो तो उडवण्याचा मोबदला: किती उड्डाणं पूर्ण झाली, विमान किती तास चाललं, यावर ठरलेला. इंधनाचा खर्च सहसा मोठी कंपनीच सोसते. विमान भरलेलं गेलं काय आणि अर्धं रिकामं गेलं काय, छोट्या कंपनीच्या मोबदल्यात फरक पडत नाही. अमेरिकेत याला कपॅसिटी पर्चेस करार म्हणतात. एसटी महामंडळाच्या भाडेतत्त्वावरच्या शिवशाही गाड्या आठवा. गाडी आणि चालक खासगी मालकाचा, तिकीट आणि वेळापत्रक एसटीचं, मालकाला पैसे किलोमीटरप्रमाणे. प्रवासी मात्र 'एसटीने आलो' असंच सांगतो.

एन्व्हॉयची मालकी अमेरिकनच्याच समूहाकडे आहे, त्यामुळे तिथे घरातल्या घरात व्यवहार होतो. पण कंत्राटदार पूर्ण स्वतंत्रही असतो. युटामधल्या सेंट जॉर्जची स्कायवेस्ट ही कंपनी युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का या चौघींसाठी विमानं उडवते. एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांच्या रंगातली विमानं, आणि आत वैमानिक एकाच कंपनीचे. रिपब्लिक या दुसऱ्या कंत्राटदार कंपनीचंही तसंच. तिचं विमान बाहेरून युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकनचं दिसतं, पण रेडिओवर हवाई नियंत्रक त्याला 'ब्रिकयार्ड' अशीच हाक मारतो, कारण उड्डाणाचा परवाना रिपब्लिकचा आहे.

परवान्याचा हा मुद्दा दोन्ही प्रकारांत समान आहे, आणि गोंधळाचं मूळही बहुधा तिथेच आहे. कोडशेअर असो वा कंत्राट, वैमानिकांचं प्रशिक्षण, विमानाची देखभाल, कामाचे तास या सगळ्याची कायदेशीर जबाबदारी ज्याचं विमान उडतंय त्याची. फरक असा की कोडशेअरमध्ये समोर बहुधा दुसरी नावाजलेली कंपनी असते. कंत्राटात समोर कोण आहे हे प्रवाशाला माहीतच नसतं, आणि विमानाचा रंग ते कळूही देत नाही.

याची किंमत 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री दिसली. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कॉन्टिनेंटल कनेक्शनचं 3407 हे विमान धावपट्टीच्या अलीकडे क्लॅरेन्स सेंटर या वस्तीतल्या एका घरावर कोसळलं. विमानातले सर्व 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. तिकिटं कॉन्टिनेंटलच्या नावाची, विमान मात्र कोलगन एअरचं. वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे अपघाताचं कारण, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. पण सुनावणीत बरंच काही बाहेर आलं: सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, आणि प्रादेशिक कंपन्यांतले पगार इतके तुटपुंजे होते की अनेकांना कामाच्या शहरात राहणंच परवडत नसे. कंत्राट स्वस्तात मिळवायचं तर बचत कुठून होणार, याचं उत्तर त्या सुनावणीत होतं.

मृतांच्या कुटुंबीयांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला, म्हणून 2010 मध्ये नवा कायदा झाला. त्यामुळे 2013 पासून अमेरिकेत प्रवासी विमान कंपन्यांच्या सहवैमानिकांनाही साधारणपणे 1500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. आधी 250 तासांच्या व्यावसायिक परवान्यावर भागत असे. याच कायद्याने अशीही सक्ती केली की तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाने शोधाच्या पहिल्याच यादीत, प्रत्येक टप्प्याचं विमान कोण चालवणार हे दाखवावं. आज आपण नजर न टाकता पुढे सरकवतो ती 'ऑपरेटेड बाय' ओळ इतक्या ठळकपणे दिसते, याचं श्रेय मोठ्या अंशी त्या कुटुंबांना आहे. ती ओळ वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाकडे. कंत्राटात छोट्या कंपनीला रिकाम्या जागांची आणि महागणाऱ्या तेलाची चिंता नसते, हा तिचा फायदा. पण तिच्याकडे स्वतःचं गिऱ्हाईकच नसतं. कंत्राट गेलं की सगळं गेलं. अटलांटिक कोस्ट एअरलाइन्स ही कंपनी युनायटेड एक्सप्रेस म्हणून उडत असे. युनायटेडने 2002 च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि दर कमी करायला सांगितलं. छोटी कंपनी बाहेर पडली आणि 2004 मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरून इंडिपेंडन्स एअर या स्वतःच्या नावाने उडू लागली. 5 जानेवारी 2006 ला तिचं शेवटचं उड्डाण झालं. विमानं उडवणं तिला उत्तम येत होतं. तिकिटं विकणं आणि भाडं ठरवणं हा वेगळाच धंदा निघाला. 2020 मध्ये, साथीच्या काळात, युनायटेडला एकाच प्रकारचं छोटं जेट उडवणाऱ्या दोन कंत्राटदारांपैकी एकच ठेवायचा होता. तिने कम्युटएअर निवडली, आणि एक्सप्रेसजेटची युनायटेडसाठीची उड्डाणं त्याच सप्टेंबरअखेर थांबली. कोडशेअर तुटल्यावर अशी वेळ सहसा येत नाही. दुसऱ्याचा क्रमांक उतरतो, विमान आपलं राहतं.

मग मोठ्या कंपन्या सगळंच काम स्वस्त कंत्राटदारांना का देत नाहीत? कारण त्यांच्या स्वतःच्या वैमानिकांच्या संघटना. त्यांच्या करारांतल्या 'स्कोप क्लॉज' या कलमानुसार तीन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या कंत्राटदारांना साधारणपणे 76 हून अधिक आसनांची विमानं उडवता येत नाहीत, आणि किती विमानं यावरही मर्यादा असते. म्हणूनच 2019 मध्ये युनायटेडसाठी सीआरजे-550 हे चमत्कारिक विमान आलं: मुळात सत्तर आसनांच्या आकाराचं, पण आत फक्त 50 आसनं आणि उरलेल्या जागेत सामानासाठी कपाटं. कोडशेअरमध्ये भागीदाराने किती मोठं विमान आणावं, यावर असा आसनांचा हिशेब लागू होत नाही.

दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. काही मार्गांवर छोटी कंपनी मोठीचं नाव आणि क्रमांक वापरते, पण भाड्याचा वाटा घेऊन फायदा-तोटा स्वतः झेलते. स्कायवेस्ट काही छोट्या गावांना अशीच जाते. त्यातल्या काही ठिकाणी सरकारी अनुदानही असतं, 1978 मध्ये विमानसेवा निर्बंधमुक्त झाल्यावर छोट्या गावांसाठी सुरू केलेलं.

प्रवाशाच्या दृष्टीने फरक अडचणीच्या वेळी कळतो. शँपेनचं विमान रद्द झालं तर दुसरं तिकीट देणं, राहण्याची सोय करणं हे अमेरिकनचं काम. एन्व्हॉयची वेगळी खिडकी शोधत बसू नये. 9 एप्रिल 2017 ला शिकागोत कर्मचाऱ्यांना जागा करून देण्यासाठी एका प्रवाशाला फरपटत विमानाबाहेर काढलं गेलं. विमान रिपब्लिकचं होतं, पण जगभर संताप झाला तो युनायटेडवर, माफी मागितली आणि तडजोडही केली ती युनायटेडने. कंत्राटात नाव ज्याचं, तोंड त्याचं.

कोडशेअरमध्ये मात्र विमान कोण उडवतंय यावर तुमचे हक्कच बदलू शकतात. परतताना शिकागो–लंडन विमान कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि ते ब्रिटिश एअरवेजचं असेल, तर ब्रिटनच्या नियमांनुसार 520 पौंडांची भरपाई मागता येते, तिकिटावर क्रमांक अमेरिकनचा असला तरी. विमान अमेरिकनचं असेल आणि क्रमांक ब्रिटिश एअरवेजचा, तर ती मिळत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या वा तिथून येणाऱ्या एका तिकिटावर बॅगांची मर्यादा सुरुवातीला ठरते तीच शेवटपर्यंत चालते, हा अमेरिकी नियम मात्र दोन्ही प्रकारांत उपयोगी पडतो. छोट्या विमानात वरच्या कप्प्यात न मावणारी हातातली बॅग दाराशी काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. औषधं आणि कागदपत्रं आधीच काढून जवळ ठेवावीत.

आपल्याकडे अमेरिकेसारखी कंत्राटी रचना रुजली नाही. सर्वांत जवळ जाणारं उदाहरण अलायन्स एअरचं. 9 ऑक्टोबर 2021 ला सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं ते तिचं, तेव्हा ती एअर इंडियाची उपकंपनी होती. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडेच राहिली, आणि एप्रिलमध्ये एअर इंडियाला जाहीर सांगावं लागलं की नऊने सुरू होणारे चार आकडी क्रमांक अलायन्सचे आहेत, त्या तिकिटांसाठी तिच्याकडेच जावं. चिपीसारख्या मार्गांचा तोटा आपल्याकडे मोठी विमान कंपनी उचलत नाही. 'उडान' योजनेत सरकार तीन वर्षांपर्यंत तूट भरून देतं. त्यानंतर विमान टिकेल का, हे त्या गावाच्या प्रवाशांवर आणि एकट्या छोट्या कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून राहतं.