टायरॉडचं रबर नेमकं कोण फाडतं?

गाडीच्या स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टायरॉडच्या टोकाचं, म्हणजे टायरॉड एंडचं रबर फाटलं की गावातल्या गॅरेजपासून तालुक्याच्या स्टँडपर्यंत एकच निदान ऐकू येतं: 'आपल्याकडचं ऊन आहे भाऊ, रबर वाळलं.' उपायही ठरलेला असतो. जळकं ऑइल किंवा डिझेल फडक्याला लावून रबरावरून फिरवायचं, म्हणजे ते नरम राहतं. यातलं निदान अर्धवट आहे, आणि उपाय तर रबराचं आयुष्य कमी करणारा आहे.

आधी तो भाग समजून घेऊ. स्टिअरिंग फिरवलं की ती हालचाल टायरॉडच्या दांड्यातून चाक ज्यावर बसतं त्या नकलपर्यंत (इंग्रजी knuckle) जाते. चाक खड्ड्यात वर-खाली होत असतं, वळतही असतं. म्हणून टायरॉडच्या टोकाला शाळेत शिकलेला उखळीचा सांधा असतो: पोलादी गोळा, त्याच्याभोवती वाटी, मध्ये ग्रीस आणि वरून रबरी बूट. बूट फुटला की पांदण रस्त्यावरचं चिखलपाणी आत जातं. पाण्यानं गोळ्याला गंज चढतो आणि मातीतले कण ग्रीसमध्ये मिसळतात. काळ्या मातीतली चिकणमाती मऊ असते, पण तिच्यासोबत गिट्टीची भुकटी येते. पूर्व विदर्भात वैनगंगेच्या रेतीतला क्वार्ट्झही येतो. खनिजांची कठिणता १ ते १० अशी सांगणाऱ्या मोहस श्रेणीत त्याची कठिणता ७, म्हणजे पोलादाला ओरखडा काढण्याइतकी. वंगण म्हणून भरलेलं ग्रीस अशा वेळी पॉलिश पेस्टचं काम करू लागतं. सांध्यात खेळ येतो, टायर कडेनं झिजतं, आणि दुर्लक्ष झालं तर एक दिवस गोळा वाटीतून निसटतो. मग चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

आता मूळ प्रश्न. बूट चाकाच्या मागे, सावलीत असतो. ऊन त्याच्यापर्यंत थेट पोहोचतच नाही. शिवाय रबरात मिसळलेली कार्बनची काजळी अतिनील किरण शोषून घेते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारी उष्णता रबर हळूहळू कडक करते, हे खरं. पण फाटलेल्या बूटवर दिसणाऱ्या नेटक्या, समांतर, खोल जाणाऱ्या चिरा पाडतो तो ओझोन.

हा वायू हवेत अत्यल्प असतो, एक अब्ज रेणूंत काही डझन रेणू. रबराला तेवढेही पुरतात. नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीन नावाच्या लहान रेणूच्या लांबच लांब साखळ्या. चार्ल्स गुडइयर यांच्या १८३९ च्या शोधामुळे या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना जोडता येऊ लागल्या. पण साखळीत ठरावीक अंतरावर कार्बन-कार्बन दुहेरी बंध उरतात. दुहेरी बंधात इलेक्ट्रॉनांची दाटी असते आणि ओझोनला तीच हवी असते. तो बंधावर जाऊन बसतो, आधी एक अस्थिर ओझोनाइड बनतं, ते लगेच फुटतं. एका बाजूला कार्बोनिल गट उरतो, दुसऱ्या बाजूला कार्बोनिल ऑक्साइड, ज्याला रसायनशास्त्रात क्रीगे मध्यस्थ म्हणतात. परिणाम एकच: साखळी तिथे तुटली.

खरी गंमत पुढे आहे. रबर सैल असेल तर तुटलेली टोकं जागच्या जागी राहतात, पृष्ठभागावर पातळ थर तयार होतो आणि हल्ला तिथेच थांबतो. रबर ताणलेलं असेल तर टोकं एकमेकांपासून दूर ओढली जातात, खालचं ताजं रबर उघडं पडतं, ओझोन त्यावर जातो, पुन्हा तूट, पुन्हा नवं रबर उघडं. म्हणून चीर नेहमी ताणाच्या आडव्या दिशेनं पडते. बूटच्या घडीच्या फुगवट्यावर ती गोलाकार दिसते, तर वरच्या मानेवर, जिथे रबर गोळ्याच्या दांडीभोवती, म्हणजे स्टडभोवती ताणून बसलेलं असतं, तिथे उभी दिसते. चिरांची दिशा पाहून ताण कुठला होता ते वाचता येतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्यांना चिरा पडायला किती वेळ लागतो, यावरून हवेतला ओझोन मोजला होता.

घरी करून बघा. दोन साधे रबर बँड घ्या. एक खिळ्यांमध्ये ताणून, दुसरा सैल, दोन्ही पडवीच्या सावलीत ठेवा. काही दिवसांनी ताणलेल्यावर आडव्या चिरा दिसू लागतील.

उन्हाचा हात आहेच, पण आडून. गाड्यांचा धूर, औष्णिक वीजकेंद्रं आणि पेटवलेल्या पऱ्हाट्या यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. सूर्यप्रकाश त्यांतल्या नायट्रोजन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन अणू सुटा करतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला जोडला की ओझोन. शहरात ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊनही टाकतो, त्यामुळे शहरावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या खेड्यात ओझोन शहरापेक्षा जास्त भरू शकतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. बूट घेताना निओप्रीन या कृत्रिम रबराचा मागा. त्यातल्या क्लोरीनमुळे दुहेरी बंध ओझोनला तितकासा आकर्षक राहत नाही. आणि डिझेल लावू नका. रबरात घातलेलं मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन कवच बनवतं, डिझेल ते धुऊन नेतं आणि वर नैसर्गिक रबराला फुगवतं. 'रबर पुन्हा नवं करणारे' फवारेही घेऊ नका, तुटलेली साखळी त्यांनी जुळत नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधण्यामागची काळजी खरी असते, पण ती काळजी वाकून बूट पाहण्यात खर्च झाली तर अपघात टळतो.

बदलायचं काम घरी होतं. सपाट, कडक जागा हवी, वावराच्या मातीत जॅक खचतो. मागच्या चाकाला उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावा, गाडी लोखंडी स्टँडवर घ्या. विटांवर कधीच नाही, वीट सूचना न देता फुटते. चाक काढा, स्प्लिट पिन (नट अडवून ठेवणारी दुमडलेली पिन) आणि नट काढा. तरी स्टड निघणार नाही, कारण तो निमुळता आहे: त्याचा उतार बाजूला ३-४ अंशांचाच, आणि पोलादावर पोलादाचं घर्षण त्याहून मोठ्या कोनापर्यंत पकड ठेवतं. स्क्रूचा पुलर, म्हणजे स्टड ढकलून सोडवणारं हत्यार लावा. चिमट्यासारखा फाळ ठोकू नका, तो बूट चिरतो. पुलर ताणून नकलच्या कानावर बाजूनं हातोडा मारला की भोक क्षणभर लांबट होतं आणि स्टड सुटतो.

जुनं ग्रीस पुसून गोळा हातानं हलवा. खडखड, गंज किंवा ढिलेपणा असेल तर नवा बूट लावून उपयोग नाही, पूर्ण टायरॉड एंडच बदला. तसं नसेल तर लिथियम ग्रीस भरा, पण बूट फुगेल इतकं नाही. खालची रिंग खाचेत नीट बसवा. नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनं आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून नाही. स्प्लिट पिन नवीनच घ्या. टायरॉडचे आटे हलवले नसतील तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बिघडत नाही. पूर्ण एंड बदलला असेल तर मात्र अलाइनमेंट करूनच गाडी रस्त्यावर काढा.