चार नंबर शिशाचा, दोन नंबर पोलादाचा

मागच्या ऑक्टोबरात भाच्याचा कॅल्गरीहून व्हॉट्सॲपवर फोटो आला. टेबलावर बारा बोअरच्या काडतुसांचे दोन खोके. एकावर बीबी छापलेलं, दुसऱ्यावर २. ही आतल्या छर्ऱ्यांची, म्हणजे धातूच्या बारीक दाण्यांची, मापं; बीबी दोन नंबराहून मोठा. खाली प्रश्न: "मामा, कॅनडा गूजसाठी दुकानदार बीबी घे म्हणतो. ऑफिसातला मित्र म्हणतो, दोन नंबर घे, हंसही होईल आणि बदकही. आजोबा काय वापरायचे?"

आजोबा, म्हणजे आमचे अप्पा, चार नंबर वापरायचे. कळव्याच्या पुढे खारेगावपर्यंत तेव्हा भातखाचरं आणि मिठागरं होती. थंडीत तिथे तलवार बदक, थापट्या, चक्रांग आणि भुवई बदकं उतरायची. अप्पांकडे इंग्लिश बनावटीची दुनळी होती, शिकारीचा परवाना होता, आणि एक बार फुकट गेला तरी घरी येईपर्यंत हळहळायचे, कारण काडतूस स्वस्त नव्हतं. पण त्यांचं उत्तर भाच्याला जसंच्या तसं देऊन चालणार नव्हतं. अप्पांचा चार नंबर शिशाचा होता. भाच्याच्या दोन्ही खोक्यांतले छर्रे पोलादाचे आहेत, आणि कॅनडात पाणपक्ष्यांवर शिसं वापरणं १९९९ पासून देशभर बंद आहे. हे का झालं, ते समजल्याशिवाय खोक्यावरचा आकडा निवडता येत नाही.

छर्रा शिशाचाच का, हा प्रश्न पूर्वी कोणी विचारलाच नव्हता. शिसं चुलीवर वितळतं, जड असतं आणि मऊ असतं. छर्ऱ्याला हवे ते सगळे गुण एकाच धातूत. १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो, पाण्यात पडून घट्ट होतो. मग या कामासाठी उंच मनोरेच बांधले गेले आणि छर्रा डाळ-तांदळासारखा वजनावर विकायचा माल झाला.

बारा बोअरच्या एका काडतुसात साधारण ३० ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे नंबराप्रमाणे दीड-दोनशे ते तीनशे दाणे. नेम बसला तरी पक्ष्याला लागतात त्यातले मोजके पाच-सहा. बाकीचे पाण्यात. शिकारीच्या ठरलेल्या जागा असतात, तिथेच पिढ्यान्‌पिढ्या बार निघतात, आणि तळाच्या चिखलात दाणे साठत जातात.

पुढचा घोळ बदकाच्या पोटात होतो. बदकाला दात नाहीत. दाणे, मुळं, कंद गिळायचं आणि ते पेट्यात दळायचं. कलेजी-पेटा खाणाऱ्यांना ठाऊक असेल, पेटा म्हणजे जाड स्नायूची पिशवी, आत खरखरीत अस्तर. दळायला जातं लागतं म्हणून पक्षी मुद्दाम बारीक खडे गिळतो. चिखलात चोच घालून चाळताना त्याला खडा आणि छर्रा यांतला फरक कळत नाही. एरवी अंगात घुसून राहिलेला छर्रा पक्षी बरीच वर्षं वागवू शकतो. पेट्यातला छर्रा मात्र खड्यांशी घासून झिजतो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि रक्तात जातो. मग अन्ननलिका लुळी पडते, खाल्लेलं पुढे सरकत नाही, पंख छपरासारखे दोन्ही बाजूंनी उतरतात, आणि भरल्या पाणथळीत पक्षी उपाशी मरतो. एक-दोन छर्रेही पुरतात. मका किंवा धान्यावर असलेल्या बदकाला जास्त बाधतं.

अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर अशी मेलेली बदकं १८७०च्या दशकातच लोकांना दिसली होती. १८९४ साली जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या आपल्या साप्ताहिकात त्यावर लिहिलं. गंमत म्हणजे हे शिकाऱ्यांचंच साप्ताहिक होतं आणि ग्रिनेल स्वतः शिकारी. पण झालं काहीच नाही, कारण अशी बदकं सहसा एकदम ढिगाने मरत नाहीत. दुबळी झालेली एक इथे, एक तिथे मरते आणि सकाळपर्यंत कोल्हा किंवा गरुड ती उचलून नेतो. शिकाऱ्याच्या नजरेला काही पडत नाही.

मोजमाप केलं ते इलिनॉयचे पाणपक्षी-अभ्यासक फ्रँक बेलरोज यांनी. शिकाऱ्यांकडून ३५,००० हून जास्त पेटे गोळा करून, चिरून, त्यात छर्रे आहेत का हे त्यांनी पाहिलं. १९५९ साली त्यांनी अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी २ ते ३ टक्के दर वर्षी शिशाच्या विषबाधेने मरतात. टक्के ऐकायला लहान वाटतात, पण तिथले पक्षी कोटींनी मोजतात.

तरीही बंदी यायला आणखी तीस वर्षं गेली, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त रस आहे तो या तीस वर्षांत. काडतूस कंपन्यांनी पोलादी छर्रे बनवून पाहिले, १९७६ पासून अमेरिकेत काही भागांत ते सक्तीचेही झाले, आणि शिकारी खवळले. त्यांचं म्हणणं असं: पोलाद हलकं, पक्षी मरत नाही, जखमी होऊन जातो. पोलादाने बंदुकीची नळी खराब होते. शिवाय महाग. यातलं एकही पूर्ण खोटं नव्हतं. सुरुवातीची पोलादी काडतुसं खरोखरच कमकुवत होती, आणि लोक चाळीस यार्डांवरून शिशाने पाडायची सवय घेऊन पोलादाचे बार काढत होते. १९७८ साली सेनेटर टेड स्टीव्हन्स यांनी खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं: राज्याची संमती असल्याशिवाय केंद्राने पोलादाची सक्ती राबवायची नाही. काम तिथेच ठप्प झालं.

गाडी पुढे सरकली ती बदकांमुळे नाहीच, टकल्या गरुडामुळे. शिसं भरलेलं बदक खाऊन अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी मरतो आहे, हे धरून १९८५ साली नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन कोर्टात गेली. सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी मान्य केली आणि १९९१ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांवर शिसं देशभर बंद झालं. पुढे झालेल्या एका पाहणीचा निष्कर्ष होता की बंदीमुळे एका १९९७ सालात सुमारे १४ लाख बदकं विषबाधेतून वाचली. आपल्याकडे डायक्लोफेनॅक हे गुरांना द्यायचं वेदनाशामक औषध आणि गिधाडांचं झालं त्याचीच ही थोरली बहीण. तिथेही मरणाऱ्याने औषध घेतलंच नव्हतं, घेतलेलं जनावर खाल्लं होतं.

युरोपात डेन्मार्क सर्वांत कडक देशांपैकी. १९९६ पासून तिथे सगळ्याच शिकारीसाठी शिशाचे छर्रे बंद. इंग्लंडमध्ये १९९९ साली मुख्यतः बदक-हंसांपुरती बंदी आली. त्याआधी, १९८७ मध्ये, तिथे गळाला लावायची शिशाची छोटी वजनं बंद झाली होती, कारण थेम्सवरचे हंस (स्वान, गूज नव्हे) ती गिळून मरत होते. युरोपीय संघाने पाणथळ जागांत शिसं बंद केलं ते अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२३ मध्ये.

आता भाच्याचा खोका. शिशाची घनता सुमारे ११, पोलादाची ७.८. म्हणजे एकाच मापाचा छर्रा पोलादाचा घेतला तर वजन तिसऱ्या हिश्श्याने कमी, आणि हलका दाणा हवेत लवकर दमतो. फुलक्या पिसांचं बदक एक वेळ पडेल, हंसाच्या छातीवरचे पंखांचे थर आणि चरबी भेदायची म्हणजे जोर हवा. म्हणून नियम बसला: शिशापेक्षा दोन नंबर मोठा छर्रा घ्या. (नंबर उतरता असतो, आकडा लहान तर दाणा मोठा. नवशिक्याचा इथे हमखास गोंधळ होतो.) अमेरिकन मापात शिशाचे चार नंबरचे एका औंसात १३५ छर्रे बसतात, पोलादाचे दोन नंबरचे १२५. म्हणजे एकेका दाण्याचं वजन जवळपास तेच. नियम कोणी हवेतून काढलेला नाही. फक्त इंग्लिश नंबर आणि अमेरिकन नंबर वेगळे असतात. अप्पांचा इंग्लिश चार नंबर अमेरिकेच्या पाच नंबराला जवळचा, हे भाच्याला वेगळं सांगावं लागलं.

दाणा मोठा झाला की काडतुसात कमी मावतात. मग काडतूसच लांब केलं. जुनं नेहमीचं पावणेतीन इंची, मग तीन इंची, आणि १९८८ साली साडेतीन इंची बारा बोअर आलं ते खास पोलादासाठीच. वेगही वाढवला. आजची पोलादी काडतुसं सेकंदाला १,४०० ते १,५५० फुटांनी छर्रा सोडतात. वेगाचा उपयोग आहे, पण हलका दाणा तो वेग लवकर गमावतो आणि खांद्याला दणका मात्र पुरेपूर बसतो. माझ्या मते खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वेगाला गिऱ्हाईक जरा जास्तच भुलतं.

दुसरी भानगड कठीणपणाची. शिशाचे दाणे नळीत एकमेकांवर दाबून चेपतात, चेपलेला दाणा भरकटतो, म्हणून ते पसरू नयेत यासाठी नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं. त्याला चोक म्हणतात. पोलादाचे दाणे चेपत नाहीत. ते गोलच राहतात आणि मुळातच दाट जातात. मग फुल चोकची, म्हणजे तोंड पूर्ण आवळायची, गरजच उरत नाही, उलट धोका. आवळलेल्या तोंडातून न दबणारे मोठे दाणे रेटले की जुन्या नळीला तोंडापाशी फुगवटा येतो. म्हणून पोलादाला अर्धा चोक किंवा त्याहून मोकळा. नळीच्या आतल्या बाजूला ओरखडे पडू नयेत म्हणून छर्रे जाड प्लास्टिकच्या कपात बसवतात. तो कप पाण्यात पडतो, आणि आता लोक त्या प्लास्टिकविरुद्ध ओरडतात. युरोपातल्या लाकूड कारखान्यांची वेगळीच कुरकुर: ओंडक्यात रुतलेल्या पोलादी छर्ऱ्याने करवतीचे दात जातात.

ज्यांच्याकडे आजोबांची दुनळी आहे त्यांच्यासाठी बिस्मथचे छर्रे आले. घनता साडेनऊच्या वर, पोलादाहून मऊ, जुन्या बंदुकीला चालणारे, पण किंमत पोलादाच्या कितीतरी पट. टंगस्टन शिशाहूनही जड बनवता येतं, त्याची किंमत ऐकून भाचा गप्पच बसला.

आपल्याकडे हा वाद झालाच नाही. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. एका पक्ष्याला एकच काडतूस धरलं, आणि इतका अचूक नेम कोणाचाच नसतो, तरी सव्वाशे किलोच्या वर शिसं एका दिवसात त्या तळ्यांत गेलं. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, परवाने आवळत गेले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. म्हणजे अमेरिकेत शिसं बंद झालं त्याच वर्षी आपल्याकडे शिकारच बंद. आज इथे बदकावर बार काढणं हा गुन्हा आहे, छर्रा कशाचाही असो.

कळव्याची खाचरं मात्र कायद्याने वाचली नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मग नवी मुंबई आली. अप्पा म्हणायचे, "बंदूक ठेवली ती कायद्याने नाही, बदकं बसायला जागाच उरली नाही म्हणून." उरलेली खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. ऐरोलीहून बोटीने गेलं तर रोहित पक्ष्यांच्या गर्दीच्या कडेला भुवई बदक आणि थापट्या अजून चिखल चाळताना दिसतात. थापट्याची चोच फावड्यासारखी, तो डोकं पाण्यालगत धरून बाजूबाजूला फिरवत पुढे सरकतो. हे पक्षी उन्हाळ्यात रशिया-कझाकस्तानात असतात, आणि तिथे बदकांची शिकार कायदेशीर आहे. इथे बंदी असली तरी पेट्यात काय घेऊन आले, ते त्यांच्या वाटेवर ठरलेलं असतं.

भाच्याने शेवटी दोन्ही खोके घेतले. दोन नंबर तीन इंची बदकांसाठी, बीबी हंसांसाठी, चोक अर्धा, आणि पस्तीस यार्डांच्या पलीकडे बार काढायचा नाही असं त्याच्या मित्राने बजावलं. पहिला हंस पडल्यावर त्याचा फोन आला. मित्राच्या बायकोने मांस कापायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवलं आणि दोन छर्रे चटकन चिकटून वर आले. "नाहीतर दात गेला असता, मामा."

आमच्याकडे दात जात नसे. बदकाच्या रश्श्यात दाताखाली काही लागलं की ताटाच्या कडेला टिणकन टाकायचं, आणि जेवणं झाल्यावर आई ते दाणे वेचून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत ठेवायची. ती डबी कपाटात अजून आहे. फोन ठेवल्यावर मी ती काढून दाणे वाटीत ओतले. सतराच उरलेत, काळपट, दोन-तीन चेपलेले. एकावर स्पष्ट दाताचा ठसा आहे, कोणाचा ते आता कोण सांगणार. फ्रिजवरचं चुंबक वाटीवरून फिरवून पाहिलं. एकही दाणा हलला नाही.