परदेशातून पाठवलेलं मुखत्यारपत्र गावात चालायला काय लागतं

माझा थोरला भाऊ कुवेतला असतो. आमच्या सामायिक जमिनीचं वाटपपत्र करायचं होतं, म्हणून त्यानं तिथल्या भारतीय दूतावासात माझ्या नावानं मुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी), केलं आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या एका शेजाऱ्याकडे दिलं. मागच्या पानावर दूतावासाचा शिक्का, अधिकाऱ्याची सही. बघूनच वाटलं, काम झालं. आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. गणपतीला मुंबईचे सगळे चुलते आले तेव्हा कागद घेऊन आम्ही दुय्यम निबंधकाकडे गेलो. तिथल्या लिपिकानं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “याला मुद्रांक कुठाय?”

मुद्रांक नव्हता, आणि लावायची मुदतही उलटून गेली होती. पुढे भरावा लागलेला दंड फार नव्हता, पण गौरी-गणपती गेले, चुलते मुंबईला परतले आणि वाटप लटकलं. खेड, दापोली, चिपळूण, राजापूर, कुठेही जा, घरटी कोणीतरी आखातात आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दूतावासाचा शिक्का म्हणजे अर्धं काम. परदेशात सही झालेला दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८ चं कलम १८ तसं सांगतं. मे महिन्यात आलेला कागद गणपतीपर्यंत ठेवला की मुदत गेलीच म्हणून समजा. त्यासाठी जायचं जिल्ह्याच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागला. तिथे अभिनिर्णयाचा (शुल्क किती ते ठरवून देण्याचा) अर्ज, मूळ मुखत्यारपत्र, त्याची प्रत आणि दोघांची ओळखपत्रं द्यायची. कागद कधी पोचला याचा पुरावा जपा: कुरिअरचं पाकीट, किंवा ज्यानं आणला त्याच्या पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का. शुल्क किती ते अधिकारी ठरवतात, ते चलनानं भरलं की दस्तावर तसं प्रमाणित करून मिळतं. मंडणगडहून रत्नागिरी गाठायची तर दिवस मोडतो, तेव्हा कागद पुरे घेऊनच निघा.

शुल्क कोणाला अधिकार दिला यावर ठरतं. आईवडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता विक्रीचा अधिकार दिला तर ५०० रुपये. परक्याला दिला तर खरेदीखताला लागतं तेवढं. विश्वासू असला तरी एजंटाच्या नावानं पत्र करण्याआधी हा हिशेब करा. उशीर झाला तर शुल्काच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड, म्हणून नात्यातल्या पत्राला तो किरकोळ वाटतो आणि परक्याच्या पत्राला घाम फोडतो.

आता परदेशातली बाजू. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे देणारा भारताबाहेर राहत असेल तर त्याची सही नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर होऊन त्यांनी ती प्रमाणित करावी लागते. व्यवहारात दोन वाटा. एक, भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. दुसरी, तिथला नोटरी आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र. अपोस्टिल १९६१ च्या हेग कराराचं. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या करारात आहेत, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून आला. कुवेत, कतार आणि संयुक्त अरब अमिराती नाहीत, तिथे दूतावासच. सौदी, ओमान, बहरीन करारात आहेत, तरी माझं मत विचाराल तर आखातातून दूतावासाचाच शिक्का आणा. तिथल्या नोटरीचा अरबी कागद तालुक्याच्या कचेरीत वाचणार कोण? भाषांतराचा खर्च वेगळा.

दूतावासात आधी वेळ घ्यावी लागते. सोबत मूळ पासपोर्ट, त्याची आणि व्हिसा किंवा निवास परवान्याची प्रत, फोटो, मसुदा. बऱ्याच ठिकाणी दोन साक्षीदार त्यांच्या पासपोर्टसह लागतात. घरून सही करून जाऊ नका. सही अधिकाऱ्यासमोरच व्हायला हवी, प्रत्येक पानावर. मसुदा इंग्रजीत केलेला बरा, कारण तिथला अधिकारी कुठल्याही राज्याचा असू शकतो.

मसुद्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्णनात. गाव, तालुका, गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र हे सातबाऱ्यावर आहे तस्संच उतरवा. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, तो काढून भावाला पाठवा. नावांचं तर विचारूच नका. पासपोर्टवर आडनावासकट पूर्ण नाव, सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळचं अर्धवट. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं पत्रातच लिहा आणि वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा. सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद. तलाठ्याकडे ते काम करायचा अधिकारही याच पत्रात मागून घ्या.

देणारा १८ वर्षं पूर्ण आणि सुजाण असला की पुरे. ओसीआय कार्डवाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीयही देऊ शकतो. पण प्रत्येकानं आपल्याच हिश्श्यापुरतं. चार भाऊ चार देशांत असतील तर चौघांच्या सह्या हव्यात. मुखत्यारपत्र हातात आहे म्हणून परदेशस्थ भावाच्या नावानं शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही, परकीय चलनाचे नियम आड येतात.

अधिकार किती द्यायचे? लागतील तेवढेच. वाटपासाठी वाटपाचा, महामार्गाच्या मोबदल्यासाठी प्रांताकडे अर्ज करून रक्कम भावाच्या खात्यात घ्यायचा. “सर्व अधिकार” लिहिलेल्या कुलमुखत्यारपत्रानं सख्ख्या भावांत कोर्टकज्जे झालेले मी पाहिलेत. आणि मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. भाऊ दोन महिन्यांत सुट्टीवर येणारच असेल तर एवढा खटाटोप करूच नका, तो आल्यावर इथल्या दुय्यम निबंधकासमोर करून घ्या.

देणारा वारला की त्या क्षणी पत्र संपतं. त्यानं ते रद्द केलं तर तसं लेखी मुखत्याराला, निबंधकाला, बँकेला कळवावं लागतं. म्हणूनच दस्त करताना मुखत्याराकडून घोषणापत्र घेतात, की देणारा हयात आहे आणि पत्र रद्द झालेलं नाही.

आमचं वाटप शिमग्याला झालं. चुलते पालखीसाठी आले होते. कचेरीच्या पायरीवर बसून मी कुवेतला व्हिडिओ कॉल लावला. भाऊ ड्युटीवरच्या निळ्या कपड्यांत होता. सगळ्या चुलत्यांनी त्याला पाहिलं, मग आत जाऊन मी घोषणापत्रावर सही केली.