कॅटासेटम: उन्हात मादी, सावलीत नर

झाडाच्या खोडावर ऑर्किड दिसले की ‘बांडगूळ लागले, आता झाड वाळणार’ असे म्हणणारे आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून रस शोषते. ऑर्किड मात्र सालीला नुसते धरून असते आणि पाऊस, धूळ व कुजलेला पाला यांवर भागवते. याचा रोकडा पुरावा मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आढळणाऱ्या कॅटासेटम या प्रजातीत मिळतो. दीडशेहून अधिक जातींच्या या प्रजातीला ताडकुळातील वृक्षांची खोडे तर मानवतातच, पण वठलेली झाडे आणि कुंपणाचे कुजके खांबही चालतात. आणि मेलेल्या लाकडात शोषायला रस कुठून येणार?

पावसाळा आणि कोरडा हंगाम यांत स्पष्ट फरक असलेली सखल प्रदेशातील जंगले हे यातील अनेक जातींचे माहेरघर. पावसात त्यांना पाने फुटतात व जाड, फुगीर खोडांत पाणी आणि अन्न साठते. पुढे पाने गळून जातात आणि उघडी खोडे तेवढ्या साठ्यावर कोरडे महिने काढतात.

बहुतेक ऑर्किडांच्या एकाच फुलात नर व मादी ही दोन्ही अंगे असतात. कॅटासेटममध्ये नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी, आणि यांपैकी कोणती येणार हे बव्हंशी जागेवर ठरते. सावलीतल्या वनस्पतीला नरफुले येतात. तीच वनस्पती धष्टपुष्ट असेल आणि शेजारचे झाड कोसळून तिच्यावर थेट ऊन पडू लागले, तर मादीफुले येऊ शकतात. तीव्र प्रकाशात कोवळ्या फुलदांड्याच्या टोकाशी इथिलीन वायू अधिक तयार होतो व तो मादीपणाकडे कल देतो. आढीतला आंबा पिकवणारा वायू तो हाच. भरपूर बिया असलेले बोंड पोसणे खर्चाचे काम असल्याने ते उन्हातल्या सशक्त वनस्पतीकडे जावे, हे सयुक्तिकच आहे. (या बिया धुळीसारख्या बारीक असतात, त्यांत अन्नसाठा नसतो आणि निसर्गात बुरशीच्या मदतीशिवाय त्या रुजत नाहीत, ‘कुंडीत पेरा, निळे ऑर्किड मिळवा’ अशा ऑनलाइन जाहिरातींना भुलण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.)

नर आणि मादीफुले इतकी निराळी दिसतात की वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळ्या प्रजातींची नावे दिली होती. 1830 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात (आजचा गयाना) संशोधक-प्रवासी रॉबर्ट शोम्बुर्क यांना ही ‘वेगवेगळ्या प्रजातींची’ फुले एकाच वनस्पतीवर सापडली, तेव्हा वर्गीकरणाचा पायाच डळमळल्यासारखे झाले. कॅटासेटम नावाच्या शेकडो वनस्पती पाहूनही त्यांना एकीलाही फळ धरलेले दिसले नव्हते. तेव्हा ज्याला कॅटासेटम म्हणत तो नर आणि ज्याला मोनाकँथस म्हणत ती मादी, हा उलगडा 1862 मध्ये चार्ल्स डार्विन यांनी केला.

नरफुलाची यंत्रणा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. फुलाच्या मधल्या स्तंभावरून दोन बारीक शृंगिका (मिशांसारखे अवयव) पुढे आलेल्या असतात. काही जातींत त्यांपैकी एकच संवेदनशील असते. परागांचे दोन गोळे एका लवचीक देठाने चिकट चकतीला जोडलेले असतात, आणि हा देठ स्तंभाच्या फुगवट्यावर ताणून वाकवलेला असतो. चकती एका नाजूक पडद्याने जागेवर धरलेली असते. शृंगिकेला धक्का लागताच पडदा फाटतो, देठ झटक्यात सरळ होतो आणि सगळा संच चकती पुढे करून उडतो. लगेच घट्ट होणाऱ्या चिकाने तो समोरच्या कीटकाच्या अंगावर पक्का बसतो. डार्विन यांनी खिडकीपासून सुमारे एक यार्डावर फूल धरून त्याची शृंगिका हलवली, तेव्हा परागसंच खिडकीच्या काचेवर आदळून तिथेच चिकटला.

जंगलात हा मारा युग्लॉसिन गटातील नर मधमाश्यांना बसतो. त्या इथे मधासाठी येत नाहीत. निलगिरीच्या तेलात असणाऱ्या सिनिओलसारखी सुगंधी द्रव्ये खरवडून मागच्या पायांतील पोकळ्यांत साठवतात. असा तडाखा खाल्लेली माशी पुढे नरफुले टाळते, असे 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. यात नरफुलाचा फायदाच आहे, कारण दुसऱ्या नराचे पराग त्या माशीवर लादले जात नाहीत. मादीफूल मात्र दिसायला अगदी वेगळे असल्याने ती तिथे निर्धास्त शिरते आणि पराग पोहोचते होतात. नर व मादीफुलांच्या रूपात इतका फरक का पडला असावा, याचे हे एक पटण्याजोगे उत्तर आहे.