मुख्य डीपीएसभोवतीची टीमबांधणी

मोबाईलवरील रोल-प्लेइंग गेममध्ये एका आक्रमक पात्राच्या हातून जास्तीत जास्त डॅमेज व्हावे, या हिशेबाने उरलेली पात्रे निवडणे, त्यांना शस्त्रे व इतर साहित्य देणे आणि सर्वांच्या चालींचा क्रम बसवणे, या एकत्रित कामास ही संज्ञा लावतात. केंद्रातील पात्राला मेन डीपीएस किंवा कॅरी म्हणतात. बाकीचे सगळे केवळ त्याच्यासाठीच राबत असतील तर ते हायपरकॅरी ठरते. इतरांना त्यांच्या कामावरून सब-डीपीएस (दुय्यम आक्रमक), सपोर्ट (इतरांचे बळ वाढवणारा), हीलर (जखमा भरणारा), शील्डर (ढाल देणारा) अशी नावे आहेत. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२०२०) आणि ‘होन्काय: स्टार रेल’ (२०२३) या मिहोयो कंपनीच्या गेममध्ये टीम चार जणांची असते. पुढील विवेचन मुख्यतः या दोन गेमवर आधारलेले आहे.

संज्ञा व उगम : डीपीएस ही अक्षरे मुळात पात्राची नसून मापाची आहेत. दर सेकंदाला होणारे डॅमेज एवढाच त्यांचा अर्थ. मापाचे नाव माणसाला कसे चिकटले, हा प्रश्न टँक, हीलर आणि डीपीएस या त्रयीच्या उगमाशी जोडलेला आहे व त्याबाबत एकमत नाही. एक मत या त्रयीचे मूळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पर्यंत (१९७४) नेते. त्या पहिल्या आवृत्तीत लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते, आणि तीनास तीन जुळतात हे या मताचे बळ. मात्र त्या खेळात राक्षसाने कुणावर चाल करायची हे खेळ चालवणारी व्यक्ती ठरवत असे. शत्रूचे लक्ष हिशेबाने स्वतःकडे ओढून धरणारा टँक तिथे नियमात बसत नाही. शिवाय लढवय्या मार खाणाराही होता आणि मारणाराही. दुसरे मत संगणकजाळ्यावरील मजकुरी खेळांकडे, विशेषतः कोपनहेगन विद्यापीठात १९९०-९१ च्या सुमारास घडलेल्या ‘डिकूमड’कडे बोट दाखवते. त्यात सोबत्यावर होणारा हल्ला योद्ध्याने स्वतःवर घेण्याची वेगळी आज्ञा होती. कामांची फारकत तिथे नियमाने झालेली दिसते, म्हणून हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) व ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) यांत ही फारकत पक्की झाली. लढाईची नोंद आकड्यांत वाचता येऊ लागल्यावर कोण दर सेकंदाला किती मारतो हे चारचौघांत दिसू लागले, आणि बहुधा याच टप्प्यावर माप हे पदनाम बनले.

‘कॅरी’ शब्दाचा प्रवास निराळा आहे. तो ‘डोटा’ या सांघिक लढाईच्या गेमच्या परंपरेतून आला असावा. सामन्याच्या सुरुवातीला दुबळा असलेला, पण सांभाळून वाढवला की शेवटी अख्खी टीम खांद्यावर नेणारा, असा तिथला अर्थ. मोबाईलच्या गेममध्ये एका लढाईपुरती अशी वाढ सहसा नसते. त्यामुळे वाढीचा अर्थ गळाला आणि भाराचा उरला. ‘स्टार रेल’सारख्या पाळीपाळीने चालणाऱ्या गेममध्ये सेकंदच मोजले जात नाहीत, तरी डीपीएस हे नाव तिथेही बिनतक्रार वापरले जाते.

मोबाईलवर हा विचार आधी गुणाकाराच्या रूपात रुजला. ‘पझल अँड ड्रॅगन्स’मध्ये (२०१२) स्वतःच्या लीडरचा आणि मित्राकडून घेतलेल्या लीडरचा हल्ल्याचा गुणक एकमेकांशी गुणला जाई. तीनपट व तीनपट मिळून नऊपट. ‘समनर्स वॉर’मध्ये (२०१४) वेगाचा क्रम महत्त्वाचा ठरला: आधी हल्ला ५० टक्क्यांनी वाढवणारा, मग शत्रूचे संरक्षण ७० टक्क्यांनी पाडणारा, आणि या दोघांच्या लगेच मागे आक्रमक.

डॅमेजचे गणित : पडद्यावर उमटणारा मोठा आकडा मारणाऱ्या पात्राचा समजला जातो, पण त्यातला मोठा वाटा बाकीच्यांचा असतो. टीमबांधणीचे सारे शहाणपण या एका गोष्टीत आहे. ‘गेन्शिन’मध्ये पात्राचा मूळ हल्ला, डॅमेज बोनस, क्रिट (अधूनमधून लागणारा जादा जबर वार), शत्रूचे संरक्षण, शत्रूचा रेझिस्टन्स (मूलतत्त्वाला होणारा प्रतिकार) आणि अग्नी, पाणी अशा मूलतत्त्वांची प्रतिक्रिया हे वेगवेगळे कंस आहेत. कंसाच्या आत बेरीज होते, कंसाकंसांत गुणाकार. म्हणून एकाच कंसात भर घालत राहिले की प्रत्येक नव्या भरीचा उपयोग घटत जातो.

४६.६ टक्के डॅमेज बोनस देणारे गॉब्लेट हे साहित्य घातलेला आक्रमक घ्यावा. सपोर्टने आणखी ४० टक्के बोनस दिला तर कंस १.४६६ वरून १.८६६ होतो, म्हणजे सुमारे २७ टक्के वाढ. दुसऱ्या कुणी आधीच ६० टक्के दिलेले असतील तर तेच ४० टक्के २.०६६ चे २.४६६ करतात आणि वाढ सुमारे १९ टक्क्यांवर येते. आता रेझिस्टन्स पाहू. बहुतेक साध्या शत्रूंचा तो १० टक्के असतो. त्यातून ४० वजा केले की उणे ३० उरतात, आणि शून्याखालचा भाग निम्माच धरला जातो. कंस ०.९ वरून १.१५ वर जातो, म्हणजे जवळपास २८ टक्के वाढ. आधी कुणी कितीही बोनस दिला असला तरी ही वाढ घटत नाही. व्हिरिडेसंट व्हेनरर हा साहित्याचा संच घातलेला काझुहा हा सपोर्ट इतका मोलाचा का, हे यातून कळते. एलिमेंटल मास्टरी (मूलतत्त्वांवरील प्रभुत्वाचा आकडा) १००० असेल तर तो ४० टक्के बोनस देतो आणि संचामुळे रेझिस्टन्सही ४० ने पाडतो. एकाच पात्राने दोन कंस भरल्यामुळे बिचाऱ्या एकट्या गॉब्लेटवरच्या आक्रमकाचे डॅमेज ६३ टक्क्यांच्या आसपास वाढते.

क्रिटच्या कंसाबाबत रेट (तो लागण्याची शक्यता) व डॅमेज (लागल्यावरची वाढ) यांचे १ : २ हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. त्याचे कारण एवढेच, की साहित्यावर क्रिट रेटचे मोल क्रिट डॅमेजच्या दुप्पट धरलेले आहे (सर्कलेट या साहित्यावर रेट ३१.१ किंवा डॅमेज ६२.२ टक्के). सपोर्टकडून फुकट क्रिट मिळत असेल तर हे प्रमाण जसेच्या तसे पाळणे चुकीचे. रेट १०० च्या वर गेला की वरचा भाग वायाच जातो.

पात्राचा स्वभाव : केवळ गणितावर टीम उभी राहत नाही, हे ‘गेन्शिन’मधील आक्रमक हू ताओच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. तिचा स्किल (खास चाल) तिच्या सध्याच्या एचपीतले (जीवनशक्तीतले) ३० टक्के खर्चून, कमाल एचपीच्या आधारे हल्ला वाढवतो आणि ९ सेकंद टिकतो. एचपी निम्म्यावर किंवा त्याखाली असेल तर तिला ३३ टक्के पायरो (अग्नी) बोनस मिळतो. बेनेट हा गेममधला सर्वांत नावाजलेला सपोर्ट. त्याच्या बर्स्टने (ऊर्जा भरल्यावर टाकायची मोठी चाल) आखलेल्या वर्तुळात उभ्या असलेल्याचा एचपी ७० टक्क्यांपर्यंत भरत जातो आणि त्यापुढे हल्ला वाढतो. म्हणजे हू ताओला जिथे राहायचे आहे तिथून बेनेट तिला वर ओढतो. दोघेही आपापल्या जागी उत्तम, पण एकमेकांच्या कामाचे नाहीत. नवा खेळाडू बहुतेक वेळा इथेच अडखळतो.

तिच्याभोवती शिंगचिउ, येलान व जोंगली ही मांडणी प्रसिद्ध झाली ती याच विचाराने. शिंगचिउ आणि येलान यांचे बर्स्ट प्रत्येकी १५ सेकंद चालतात आणि तिच्या साध्या वारांबरोबर शत्रूला हायड्रो (पाणी) लावत राहतात. हायड्रो लागलेल्या शत्रूवर पायरोचा वार पडला की व्हेपराइज ही प्रतिक्रिया होऊन डॅमेज १.५ पट होते (उलट क्रमाने, पायरोवर हायड्रो पडल्यास, २ पट). येलानकडून वाढत जाणारा डॅमेज बोनस मिळतो. दोन हायड्रो पात्रांमुळे कमाल एचपी २५ टक्क्यांनी वाढतो, आणि तिचा हल्ला एचपीवरच उभा असल्याने तोही कामी येतो. जोंगलीची ढाल कमी एचपीवर तिला जगवते आणि जवळच्या शत्रूंचा रेझिस्टन्स २० ने कमी करते. या टीममध्ये हीलर नाही आणि तो नसणेच तिच्या हिताचे आहे.

क्रम व ऊर्जा : चालींच्या ठरावीक आवर्तनाला रोटेशन म्हणतात. ‘गेन्शिन’मध्ये ते साधारण २० सेकंदांचे असते. वरील टीममध्ये आधी ढाल, मग दोन्ही बर्स्ट, शेवटी हू ताओ. तिचे ९ सेकंद इतरांच्या १५ सेकंदांच्या आत पुरे बसले पाहिजेत. काही चाली टाकतेवेळचे बळ शेवटपर्यंत धरून ठेवतात, याला स्नॅपशॉट म्हणतात. शियांगलिंगचा बर्स्ट तसा आहे, म्हणून तो बेनेटच्या वर्तुळात उभे राहून टाकायचा. उलट क्रमाने टाकला तर बेनेटचे बळ त्याला मिळत नाही.

शिंगचिउच्या बर्स्टला ८० ऊर्जा लागते. ऊर्जेचा कण आपल्याच मूलतत्त्वाचा असेल तर ३, दुसऱ्याचा असेल तर १ मिळते, आणि मैदानाबाहेरच्या पात्राला चौघांच्या टीममध्ये त्याचा ६० टक्केच वाटा पोचतो. म्हणूनच येलान नुसती डॅमेजसाठी नसून शिंगचिउची बॅटरीही आहे. रोटेशन पुन्हा सुरू होताना बर्स्ट तयार नसेल तर कागदावरचे सगळे गुणाकार निरुपयोगी.

‘स्टार रेल’मध्ये सेकंदांची जागा वेग आणि स्किल पॉइंट (स्किल वापरताना खर्च होणारे गुण) घेतात. पाळीचे अंतर १०,००० भागिले वेग असे निघते. पहिले चक्र १५० एककांचे असल्याने १३४ वेगाच्या पात्राला त्यात दोन पाळ्या मिळतात. ब्रोन्या आपल्या स्किलने सोबत्याची पुढची पाळी लगेच आणते. तिचा वेग कॅरीपेक्षा किंचित कमी ठेवला की कॅरी एकदा खेळतो, ब्रोन्या खेळते, कॅरी पुन्हा खेळतो. मात्र या एका फेरीत तीन पॉइंट जातात आणि साठा सहसा पाचाचाच असतो. उरलेल्या दोघांनी साधे हल्ले करून ते भरून काढावे लागतात. त्यामुळे इथे चौथा माणूस कोण घ्यावा हे त्याच्या ताकदीइतकेच त्याच्या काटकसरीवर ठरते.

संज्ञेची मर्यादा : शियांगलिंग, बेनेट व शिंगचिउ यांच्यावर उभी असलेली ‘नॅशनल’ टीम या व्याख्येत नीट बसत नाही. सर्वाधिक डॅमेज बहुतेकदा शियांगलिंग करते, पण मैदानात ती थोडाच वेळ असते. समोर वार करत राहणारा वेगळाच असतो. मेन डीपीएस म्हणजे सर्वाधिक वेळ मैदानात असणारा, असे काही जण मानतात. सर्वाधिक डॅमेज करणारा तो मेन, हे दुसरे मत. साहित्य कुणाला द्यायचे हे ठरवताना दुसरेच मत उपयोगी पडते. पहिल्या अर्थासाठी ‘ऑन-फील्ड’ असा स्वतंत्र शब्द रूढ आहे आणि तो पुरेसा आहे.

‘गेन्शिन’च्या स्पायरल अबिस या मजल्यांच्या आव्हानात वरच्या मजल्यांवर दोन टीम लागतात आणि एक पात्र एकाच टीममध्ये घेता येते. सोडतीत फाइव्ह-स्टार (सर्वांत दुर्मिळ) पात्र मिळण्याचा मूळ दर ०.६ टक्के आणि हमखास मिळण्याची मर्यादा ९० ओढींची, म्हणजे निवडक सपोर्ट हाताशी मोजकेच असतात. एका हायपरकॅरीमागे सगळे चांगले सपोर्ट उभे केले की दुसरी टीम वेळेत पोचत नाही आणि वेळेवर मिळणारे स्टार जातात. त्यामुळे तिथे टीम दुबळ्या बाजूपासून बांधायला घेतात: बेनेट, शिंगचिउ, काझुहा यांची कुठे सर्वाधिक गरज आहे ते आधी ठरवून, उरलेल्यांवर निभावून नेईल असा कॅरी दुसरीकडे पाठवतात.