वारा अडला, तर समुद्र ढवळणार कोण?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेत पवनऊर्जेवर बोललो. शेवटी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, पवनचक्क्यांमुळे पाऊस पळून जातो म्हणतात, खरं आहे का?" तिचं आजोळ साताऱ्याकडचं. वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तिकडे ही समजूत जोरात होती. ती साफ खोटी आहे. मान्सूनचे ढग किलोमीटरच्या उंचीचे असतात, त्यांना पळवण्याची ताकद पात्यांत नाही. पण पाती वाऱ्यातून काहीतरी काढून घेतात, एवढं खरं. समुद्रावर त्या वाऱ्याला दुसरंही एक काम असतं.

टेबलफॅन चालू करा आणि त्याच्यासमोर दुसरा, बंद पंखा ठेवा. बंद पंख्याची पाती फिरू लागतात, आणि त्याच्यामागे हात धरला की वारा मंद लागतो. समुद्रावर हा मंद वाऱ्याचा पट्टा पवनचक्क्यांच्या समूहामागे कित्येक किलोमीटर पसरलेला मोजला गेला आहे.

आता मे महिन्यातला नागपुरी प्रयोग. काचेच्या ग्लासात माठातलं गार पाणी घ्या. गच्चीवरच्या टाकीतल्या तापलेल्या पाण्यात चिमूटभर रंग कालवून ते चमच्याच्या पाठीवरून हळूच वर सोडा. रंगीत थर वरच तरंगत राहतो. अलगद फुंकर मारली तर तो जेमतेम हलतो, जोरात फुंकलं तर खालचं पाणी वर येऊ लागतं. उन्हाळ्यात युरोपातल्या उत्तर समुद्राच्या (नॉर्थ सी) खोल भागांत असेच दोन थर होतात. उजेड वरच्या थरात, नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकद्रव्यं खालच्या थरात. वाऱ्याने पाणी ढवळलं की दोन्हींची गाठ पडते, वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतं आणि त्यावर मासळी जगते.

इथलं गणित मला फार आवडतं. वाऱ्याचा पाण्यावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि ढवळायला मिळणारी ऊर्जा साधारण घनाच्या प्रमाणात. वारा 10 टक्के मंदावला तर ताण 19 टक्क्यांनी घटतो आणि ऊर्जा 27 टक्क्यांनी! उलट, समुद्रतळात रोवलेल्या खांबांभोवती भरतीचं पाणी घुसळतं, म्हणजे तिथे ढवळणं वाढतं. शिवाय मंद पट्ट्याच्या कडेला एका बाजूला पाणी वर येतं, दुसऱ्या बाजूला खाली जातं. यांची बेरीज तोंडी होत नाही. जर्मनीतल्या हेरेऑन संस्थेने 2022 मध्ये संगणकी प्रारूपातून ती मांडली. नियोजित पवनचक्क्या धरल्या, तर प्लवकांची वार्षिक निर्मिती काही भागांत 10 टक्क्यांपर्यंत वाढते, काही भागांत तेवढीच घटते.

डेन्मार्कच्या विंडेबीला 1991 मध्ये समुद्रातला पहिला प्रकल्प उभा राहिला, 11 पवनचक्क्यांचा. त्याने समुद्रात काय बदललं हे शोधूनही सापडलं नसतं. आता उत्तर समुद्रात त्या हजारोंनी आहेत. प्रत्येक कंपनी आपल्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल देते, पण बेरजेचा अहवाल कोणी द्यायचा? कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांचा धूर वर गेल्यावर वेगळा ओळखू येतो का? म्हणूनच या अभ्यासाला सामाईक पैसा लागतो. नेदरलँड्सने 2016 पासून सरकारी खर्चाने समुद्रातल्या पवनचक्क्यांचे परिणाम अभ्यासणारा 'वोझेप' हा कार्यक्रम चालवला. ब्रिटनमध्ये संशोधन परिषद आणि समुद्रतळाची मालकी असलेली क्राउन इस्टेट यांनी मिळून तसाच 'इकोविंड' हा कार्यक्रम सुरू केला.

आपल्याकडे जून 2024 मध्ये केंद्राने समुद्रावरील पवनऊर्जेसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूजवळ प्रत्येकी 500 मेगावॉट. त्यातले 6,853 कोटी उभारणीला, 600 कोटी बंदरांना. मला ही योजना हवी आहे. कोळशाच्या राखेच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरकराला ती नकोशी कशी होईल? पण असाच एक ठरलेला वाटा समुद्र मोजण्यासाठीही हवा. युरोपचे निष्कर्ष इथे उचलून चालणार नाहीत. गुजरातजवळच्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटी इतकी प्रचंड की पाणी मुळातच ढवळलेलं असतं. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात प्रवाळ, समुद्री गवत आणि त्यावर चरणारे डुगाँग (समुद्रगाई) आहेत.

"नागपूरला समुद्र कुठाय?" असं कोणी म्हटलं तर वर्धा रोडवरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडे बोट दाखवावं. 1958 पासून पर्यावरण मोजण्याचं शास्त्र इथे शिकलं जातंय. पहिला खांब रोवण्याआधी निदान तीन-चार वर्षं त्या पाण्याचं तापमान थराथराने नोंदवलं पाहिजे, कारण एका वर्षाचा मान्सून दुसऱ्यासारखा नसतो, आणि खांब उभे राहिल्यावर तुलनेसाठी आधीचा समुद्र कुठून आणणार?