बो स्ट्रीटचे पांढरे दिवे

लंडनच्या पोलिस ठाण्यांबाहेर १८६१ पासून निळ्या काचेचे दिवे लागू लागले. रात्री-अपरात्री मदत हवी असली की लांबून निळा ठिपका शोधायचा आणि तिकडे धावायचं. कोव्हेंट गार्डनमधल्या बो स्ट्रीट ठाण्याचे दिवे मात्र पांढरे. त्याची गोष्ट अशी सांगतात: ठाण्यासमोरच रॉयल ऑपेरा हाऊस. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये विंडसरच्या 'निळ्या खोली'त वारला. ऑपेराला आल्यावर समोरचा निळा दिवा पाहून तिची जखम पुन्हा भळभळायची, म्हणून दिवे बदलले.

गोष्ट हळवी आहे, पण मला ती पटत नाही. अल्बर्ट गेल्यानंतर राणीने सार्वजनिक नाट्यगृहाची पायरी चढणंच सोडलं होतं. आणि आज दिसते ती इमारत तर १८८१ सालची.

मला त्या दिव्यातलं भौतिकशास्त्र जास्त मोहवतं. तेव्हा दिवे गॅसचे. ज्योतीत काजळीचे बारीक कण तापून पिवळसर उजेड देतात आणि त्या उजेडात निळा भाग अगदी थोडा असतो. निळी काच बाकीचे रंग गिळते आणि तो थोडाच बाहेर सोडते. म्हणजे निळा दिवा ही खूण म्हणून उत्तम. पण त्याखाली उभं राहून पत्ता वाचायचा तर डोळे ताणावे लागणार. पांढऱ्या काचेतून बराचसा उजेड पायऱ्यांवर उतरतो.

इमारत जॉन टेलर या सरकारी वास्तुविशारदाची. एकाच छपराखाली पोलिस ठाणं आणि न्यायालय. अशा वास्तूची खरी परीक्षा तिच्या वाटांत असते. आरोपीने कोठडीतून थेट पिंजऱ्यात यावं, दंडाधिकाऱ्याने आपल्या दाराने आसनावर यावं, लोकांनी रस्त्यावरून आत यावं, आणि या तिघांची गाठ पडावी ती फक्त न्यायकक्षात. व्हिक्टोरियन काळात न्यायालयाचा नकाशा काढताना हे गणित आधी सोडवत, खांब-कमानी नंतर.

दर्शनी भाग पोर्टलंडच्या दगडाचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर निघणारा हा चुनखडक सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, कोमट समुद्रात तयार झाला. भिंगातून पाहिलं तर खसखशीहून बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. लाटांनी कण लोळवले आणि त्यांच्यावर चुन्याचे थर चढत गेले, त्यातून हे दाणे झाले.

हा दगड लंडनच्या धुरात कसा वागला हे जुन्या इमारतींच्या भिंतींवरच वाचता येतं. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू ओलाव्यात आम्ल होतो आणि चुनखडीचं जिप्सम, म्हणजे पाण्यात विरघळणारं मऊ खनिज करतो. जिथे पावसाचा मारा बसतो तिथे हे जिप्सम विरघळून वाहून जातं, खालचा दगड पुन्हा पांढरा निघतो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे कंगोऱ्याच्या पोटाखाली, खिडकीच्या वरच्या खोबणीत, तिथे जिप्सम साचतं, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. म्हणून धुवून न काढलेल्या इमारतीत कंगोऱ्याची कड पांढरी आणि पोट काळंकुट्ट. ऊन-सावलीचा उठाव पावसानेच रंगवल्यासारखा! आम्ल चुनखडकाला खातं हे आपल्या स्वयंपाकघरातही दिसतं. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा थेंब सांडून राहिला की पांढुरका डाग पडतो, कारण कडप्पाही चुनखडकच.

आतल्या कोठड्यांत हा दगड काय कामाचा? त्या काळी कोठड्यांच्या भिंतींना काचेसारखा चकचकीत लेप दिलेली वीट लावत. ती पाणी पीत नाही, घाण धरत नाही, आणि उंचावरच्या चिमुकल्या खिडकीतून येणारा उजेड परतवून खोलीभर पसरवते. दारुड्यांना एकत्र कोंडण्यासाठी बो स्ट्रीटला एक मोठी कोठडी होती. तिला 'टँक' म्हणत. ठाणं १९९२ मध्ये बंद झालं आणि न्यायालय २००६ मध्ये. आता तिथे हॉटेल आहे, आणि कोठड्यांमध्ये छोटं संग्रहालय.

लेखक ऑस्कर वाइल्ड, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या एमेलिन पँकहर्स्ट या आरोपींची नावं तिथे आवर्जून सांगितली जातात. मराठी माणसाला त्यांच्यात आणखी एक नाव आठवावं. १३ मार्च १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांना व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली आणि बो स्ट्रीटच्याच न्यायालयात उभं केलं गेलं. त्यांना हिंदुस्थानात पाठवायचं ते फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली. तो कायदाही इमारतीसारखाच १८८१ सालचा. बोटीने नेत असताना जुलैमध्ये फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली, पुन्हा पकडले गेले, आणि पुढचा खटला चालला तो १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या मुंबई उच्च न्यायालयात. तिथल्या भिंतींत सह्याद्रीसारखाच काळा पाषाण आहे. तो लाव्हारसातून थिजलेला. चुनखडकासारखा आम्लात विरघळणारा चुना त्यात नाममात्र, त्यामुळे धुराच्या आम्लाला तो सहसा दाद देत नाही.